गाणे त्यांचे, वाद्यवृंद यांचा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा येथील मूळनिवासी गायक-गायिकांनी सिंफनी वाद्यवृंदांबरोबर केलेल्या प्रयोगांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मूळनिवासी गायक लिहिलेले संगीत वाचत नाहीत आणि वाद्यवृंदातील वादक समोर कागद असल्याशिवाय वाजवत नाहीत. असे असताना ही दोन्ही मंडळी प्रत्यक्ष मंचावर जुळवून कशी घेतात?

उत्तर : प्रश्नातील पहिले विधान सरसकट खरे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील योर्टा योर्टा समाजाच्या डेबोरा चीटम फ्रेलॉन या ऑपेरा गायिकाही आहेत आणि संगीतकारही. कॅनडातील वोलास्तोकी समाजाचे जेरेमी डचर यांनी पाश्चात्त्य अभिजात गायनाचे रीतसर शिक्षण घेतले आहे. स्वरलिपी त्यांना कोणी समजावून द्यावी लागत नाही. अडचण येते ती गायक मौखिक परंपरेतून आलेला असतो तेव्हा, आणि तेथेही ती आपण समजतो त्या जागी नसते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आर्नहेम लँडमधील योलंगू लोकांचे ‘मनिकाय’ हे गाणे उदाहरण म्हणून घेऊ. मनिकायचे एक पद बहुधा मिनिटभराचेच असते. गायक आधी गुणगुणून स्वर धरतो, मग हातातल्या दोन लाकडी दांड्यांचा, म्हणजे बिल्मांचा, ठेका सुरू होतो, पोकळ खोडाचे यिडाकी हे वाद्य त्याला येऊन मिळते, चाल वरच्या स्वरांवरून पायरीपायरीने खाली उतरत येते, आणि ठेका व यिडाकी थांबल्यावर गायक एकटाच शेवटचे चार शब्द गाऊन पद पूर्ण करतो. यानंतर दुसरे पद कधी सुरू करायचे, ते किती वेळा आळवायचे, हे सगळे गायकाच्या हाती असते.

आता याच्या शेजारी वाद्यवृंद बसवून पाहा. वाद्यवृंद सेकंदाला ४४० ते ४४२ कंपनांच्या ‘ए’ या स्वरावर जुळवलेला असतो. यिडाकीचा मूळ स्वर मात्र तिच्या लांबीवर आणि आतल्या पोकळीवर ठरतो, आणि वाद्य बदलल्याशिवाय तो बदलत नाही. त्यामुळे वाद्यवृंदासाठी रचना लिहिणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो षड्ज कोणाचा मानायचा, हा. सुज्ञ संगीतकार गायकाला खाली-वर ओढत नाही. गायक व यिडाकी ज्या स्वरावर असतील त्यावर तो बाकीची मांडणी करतो. शिवाय प्रत्येक कुळाच्या चालींतील स्वरांतरे वेगळी असतात आणि ती पियानोच्या पट्ट्यांवर नेमकी सापडतीलच असे नाही. व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्यांना बोट किंचित सरकवून त्यांच्या जवळ जाता येते, तसे हार्प वाजवणाऱ्याला जाता येत नाही. अशा रचनांमध्ये तंतुवाद्यांवर इतका भार का असतो, याचे एक कारण येथे आहे.

लयीचा प्रश्न याहून अवघड. एरवी वाद्यवृंद संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवतो. येथे संचालकालाच गायकाचे ऐकून चालावे लागते. म्हणून वादकांच्या कागदावर काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात : ही आवर्तने खूण मिळेपर्यंत वाजवत राहा, गायकाने शेवटचे शब्द घेतले की पुढे जा. थोडक्यात, स्वरलेखन गायकासाठी नसते, वादकांसाठी असते, आणि त्यातील सर्वांत मोलाची सूचना बहुधा थांबण्याची असते.

जेफ्री गुरुमुल युनुपिंगू यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. एल्को बेटावरील गालिविंकू गावचे, गुमाच कुळातील हे गायक १९७१ साली जन्मतःच दृष्टिहीन होते, त्यामुळे संचालकाच्या छडीचा त्यांना काही उपयोग नव्हता. २०१३ मध्ये सिडनी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ते गायले तेव्हा त्यांची गिटारवरची गाणी वाद्यवृंदासाठी मांडलेली होती. पुढचा प्रयोग याहून धाडसी होता. मायकेल होनेन हे निर्माते आणि एर्की वेल्टहाइम हे संगीतकार यांच्यासह त्यांनी ‘जारिमिरी’ हा ध्वनिमुद्रित गाण्यांचा संग्रह केला. त्यात गिटारची गाणी बाजूला ठेवून पारंपरिक गायनच मध्यभागी आणले गेले आणि यिडाकीचे ठेके चेलो व इतर तंतुवाद्यांकडे सोपवले गेले. लहान आकृती पुन्हा पुन्हा वाजवत तीत सूक्ष्म बदल करत जाण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही पाश्चात्त्य संगीतकारांनी रूढ केली, तिचे यिडाकीच्या वादनाशी नाते आहे हे वेल्टहाइम यांनी ओळखले. हा संग्रह २०१८ मध्ये, गायकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. तेथील मूळनिवासी भाषेतील संग्रहाला हा मान प्रथमच मिळाला.

गायकाला काही सोडावे लागते का, असेही एका पत्रात विचारले आहे. लागते. उत्तर युरोपातील सामी लोकांच्या ‘योईक’ गायनात गाता गाता स्वर हळूहळू वर चढत जाण्याची जुनी रीत आहे. एकटा गायक असताना त्यात काहीच बिघडत नाही, पण साठ वादकांना असे कणाकणाने वर सरकता येत नाही. सामी गायक निल्स-अस्लाक वाल्केआपा आणि फिनलंडचे संगीतकार सेप्पो पाकुनाइनेन यांनी १९८०च्या दशकात योईक आणि सिंफनी एकत्र आणली. अशा मांडणीत गायकाला ती मोकळीक बहुधा आवरती घ्यावी लागते.

प्रश्न : वाद्यवृंदाच्या भव्यतेपुढे मूळ गाणे दबून जात नाही काय? हा सगळा प्रकार म्हणजे शहरी श्रोत्यांसाठी केलेली सजावट आहे, असे वाटते.

उत्तर : अनेकदा ती सजावटच असते. गायकाच्या प्रत्येक ओळीखाली व्हायोलिनांचे लांबलचक, गोड स्वरसंघात पसरून ठेवले की श्रोते हेलावतात, आणि गाण्यातला करकरीतपणा पाकात बुडून जातो. हे मला पटत नाही, आणि दुर्दैवाने असे प्रयोग कमी नाहीत.

तरीही आजची स्थिती पूर्वीपेक्षा निश्चित वेगळी आहे. जॉन अँटिल यांची ‘कोरोबोरी’ ही रचना १९४६ साली सिडनीत प्रथम वाजवली गेली आणि ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे संगीत म्हणून तिचे कौतुक झाले. पण मूळनिवासींच्या नृत्यसमारंभाचा आभास वाद्यवृंदच निर्माण करत होता, ज्यांचा समारंभ ते मंचावर नव्हते. पीटर स्कल्थॉर्प यांनीही अनेक वर्षे मूळनिवासी चाली आपल्या रचनांमध्ये योजल्या. पुढे माउंट आयझा येथील कल्कडुंगा समाजाचे डिजरिडू (यिडाकीचेच सर्वसाधारण नाव) वादक विल्यम बार्टन यांच्याशी त्यांचा सहवास वाढला, तेव्हा १९८६ सालच्या ‘अर्थ क्राय’सारख्या जुन्या रचनेलाही डिजरिडूची जोड मिळाली आणि २००४ च्या ‘रेक्विएम’मध्ये (रेक्विएम म्हणजे मृतांसाठी रचलेले गायन) ते वाद्य आरंभापासूनच आले. उसन्या चालीपासून प्रत्यक्ष वादकापर्यंतचा हा प्रवास एका संगीतकाराच्या हयातीत झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मी स्वतः अशी रचना ऐकताना एक कसोटी लावतो. गायकाला वगळून तीच रचना वाजवली तर ती उभी राहते का, हे मनाशी पडताळून पाहतो. ती आरामात उभी राहत असेल, तर गायकाला केवळ पाहुणा म्हणून बोलावले होते असे समजावे. ऑस्ट्रेलियन आर्ट ऑर्केस्ट्रा या कसोटीला उतरतो. १९९४ साली पॉल ग्रॅबोव्स्की यांनी स्थापलेला हा संच नावाने ऑर्केस्ट्रा असला तरी प्रत्यक्षात उत्स्फूर्त वादन करणाऱ्यांचा लहान संच आहे. आर्नहेम लँडमधील नुकूर येथील वागिलाक कुळाच्या गायकांबरोबर त्याने २००५च्या सुमारास काम सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवले. मनिकाय ज्या क्रमाने गायले जाते त्या क्रमाला हात न लावता वादकांनी आपली जागा शोधायची, असा तेथील रिवाज आहे. सिंफनी वाद्यवृंदाच्या वेळापत्रकात दोन-तीन तालमींपेक्षा जास्त वेळ क्वचितच मिळतो, त्यामुळे ही सवलत मोठ्या संचांना परवडत नाही, हेही खरे.

प्रश्न : लोकगीत सर्वांचे असते, असे आपण मानतो. मग एखाद्या संगीतकाराने मूळनिवासी चाल घेऊन वाद्यवृंदासाठी रचना केली, तर त्यात परवानगीचा प्रश्न का यावा?

उत्तर : कारण ती चाल सर्वांची आहे, असे ज्यांची चाल आहे ते मानत नाहीत. योलंगू समाजात प्रत्येक गाणे धुवा किंवा यिरिचा या समाजाच्या दोन अर्धांपैकी एकाचे आणि त्यातही ठरावीक कुळाचे असते. सामी परंपरेत तर एखाद्या व्यक्तीचा योईक दुसऱ्याने रचला तरी ज्याचा योईक त्याचीच त्यावर मालकी, असा संकेत आहे. मात्र हा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो तो कॅनडातील एका ऑपेराच्या हकिकतीत, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

हॅरी सोमर्स यांचा ‘लुई रिएल’ हा ऑपेरा १९६७ साली, कॅनडाच्या शताब्दीच्या निमित्ताने टोरोंटोत प्रथम सादर झाला. तिसऱ्या अंकाच्या आरंभी रिएलची पत्नी बाळाला निजवताना जे गाणे गाते, ते या ऑपेरातील सर्वांत गाजलेले गाणे ठरले आणि स्वतंत्र मैफलींतूनही गायले जाऊ लागले. त्याचे शब्द कॅनडातील क्री या मूळनिवासी लोकांच्या भाषेतले होते. चाल मात्र क्री लोकांची नव्हतीच. ती ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडील निस्गा लोकांची होती. मारियस बार्बो हे संग्राहक आणि अर्नेस्ट मॅकमिलन हे संगीतकार यांनी १९२७ साली नास नदीच्या खोऱ्यातून ती टिपून आणली होती. त्यांच्या लेखनातून ती सोमर्स यांच्या हाती आली.

मूळ गाणे अंगाईगीत नव्हते, ते शोकगीत होते. निस्गा लोकांच्या नियमानुसार असे गाणे योग्य प्रसंगीच आणि ज्यांच्याकडे त्याचा वारसाहक्क आहे त्यांनीच गायचे असते, आणि ते भलत्या वेळी गाणे अपायकारक मानले जाते. म्हणजे एका समाजाचे मृत्यूप्रसंगीचे गाणे, दुसऱ्या समाजाचे शब्द लावून, तिसऱ्याच समाजातील स्त्रीच्या तोंडी (रिएल हा मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाचा, नेता होता) पाळण्यापाशी घातले गेले होते, आणि जवळजवळ पन्नास वर्षे श्रोते त्याला दाद देत होते.

यातील काळ महत्त्वाचा आहे. ही गाणी ज्या पॉटलॅचसारख्या (भोजन आणि भेटी वाटण्याच्या) समारंभांत गायली जात, त्यांवर कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून बंदी होती आणि ती १९५१ पर्यंत उठली नाही. स्वतःचा समारंभ करणे गुन्हा होता, त्याच काळात त्या समारंभाचे गाणे टिपून नेणे मात्र विद्वत्तेचे काम समजले जात होते. ‘लोकगीत सर्वांचे’ हे वाक्य अशा परिस्थितीत कोणी कोणाला ऐकवावे, याचा विचार व्हायला हवा.

ऑपेराचे २०१७ मध्ये पुनरुज्जीवन झाले, तेव्हा निस्गा प्रतिनिधी आणि निर्माते यांच्यात बोलणी सुरू झाली. केवळ सुरुवातीला दोन शब्द आभाराचे बोलून विषय मिटवता आला असता. तसे झाले नाही. मेटी संगीतकार इयन कसन यांच्याकडून त्या जागेसाठी नवे गाणे लिहवून घेण्यात आले आणि २०१९ मध्ये ते पुढे आले. सोमर्स यांच्या संगीताचे चाहते काही प्रमाणात नाराज झाले असतील, परंतु अंगाईची जागा अंगाईने घेतली हे नाट्यदृष्ट्याही योग्यच झाले, असे माझे मत आहे.

याच्या उलट दिशेचे काम जेरेमी डचर यांनी केले. त्यांच्या समाजातील गाणी विसाव्या शतकाच्या आरंभी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून संग्रहालयात ठेवली गेली होती. डचर तेथे जाऊन ती ऐकत बसले, त्यातून स्वतःच्या भाषेतील रचना बांधल्या आणि त्यांपैकी काहींत ते जुने, खरखरणारे आवाज स्वतःच्या आवाजाशेजारी ठेवले. २०१८ मध्ये या रचनांच्या संग्रहाला कॅनडाचा पोलारिस हा संगीतपुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी संग्रहालयातले गाणे मंचावर आले. फरक आणणारा माणूस कोण, याचा आहे.

प्रश्न : गुरुमुल यांच्या निधनानंतर काही काळ बातम्यांत त्यांचे पूर्ण नाव आणि छायाचित्र दिसत नव्हते. मग आता ते कसे चालते?

उत्तर : योलंगूंसह अनेक मूळनिवासी समाजांत मृताचे नाव व चित्र काही काळ टाळले जाते. गुरुमुल यांचे निधन २५ जुलै २०१७ रोजी झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘डॉक्टर जी. युनुपिंगू’ असा उल्लेख केला. पुढे त्यांचे कार्य लोकांपर्यंत पोहोचत राहावे म्हणून कुटुंबीयांनीच नाव आणि चित्र वापरण्यास परवानगी दिली.

प्रश्न : तान्या तगाक यांचे गायन मी ऐकले. त्यात ना शब्द, ना चाल. धाप लागल्यासारखे, गुरगुरल्यासारखे आवाज वाद्यवृंदाच्या लिखित संगीतात बसतातच कसे?

उत्तर : ते बसवले जात नाहीत, त्यांच्यासाठी वाद्यवृंदाची रीत बदलावी लागते. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांच्या कताजाक या प्रकारात दोन स्त्रिया अगदी समोरासमोर उभ्या राहतात, आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या अशा दोन्ही श्वासांवर घशातून आवाज काढतात, एकीचा आवाज दुसरीच्या फटीत बसतो, आणि जिला आधी हसू फुटेल किंवा दम तुटेल ती हरते. मिशनऱ्यांच्या काळात हे गायन दाबले गेले होते. २०१४ मध्ये क्वेबेक प्रांताने त्याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. नुनावुतमधील केंब्रिज बे येथील तगाक मात्र हे जोडीने शिकल्या नाहीत. हॅलिफॅक्स येथे कलाशिक्षण घेत असताना आईने पाठवलेल्या ध्वनिफिती ऐकून त्या एकट्याच शिकल्या, आणि म्हणून त्यांचे गायन एकटीचे झाले. समोरची स्त्री नाही, ती जागा पुढे क्रोनोस क्वार्टेटच्या चार तंतुवाद्यांनी आणि नंतर मोठ्या वाद्यवृंदांनी घेतली.

टोरोंटो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर २०१७ मध्ये सादर झालेली त्यांची ‘किक्साक्तुक’ ही रचना बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या मूळनिवासी स्त्रियांसाठीचा विलाप आहे. तगाक काय गातील हे आधी लिहिलेले नसते. म्हणून वाद्यवृंदाचा काही भाग क्रिस्टोफर मेयो यांनी लिहून दिला, तर काही वादकांना क्रिस्टीन डंकन हाताच्या ठरावीक खुणांनी त्या क्षणी काय वाजवायचे ते सांगतात : हा स्वर धरून ठेवा, आता तुटक वाजवा, आता ओसरत जा. आयुष्यभर लिखित स्वर अचूक वाजवण्याचे शिक्षण घेतलेल्या वादकाला ‘तुम्हीच ठरवा’ असे सांगितले की तो बावचळतो. खुणांची ही भाषा त्याला स्वातंत्र्यही देते आणि आधारही. चालीची अपेक्षा ठेवून ऐकल्यास निराशा होईल. श्वासाची लय पकडून ऐकावे, आणि वाद्यवृंद तिला कोठे उत्तर देतो व कोठे नुसता गप्प बसतो, तिकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : अशा संग्रहांचे पैसे नेमके कोणाला मिळतात?

उत्तर : प्रश्न रोखठोक आहे, उत्तर तितके नाही. कॉपीराइटचा कायदा ज्ञात रचनाकार आणि ठरावीक मुदत गृहीत धरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे गाणे त्याच्या लेखी बेवारस ठरते आणि त्या गाण्याची नवी मांडणी करणाऱ्याला मात्र मांडणीचा हक्क मिळतो. ऑस्ट्रेलियात १९९८ साली एका चित्राबाबतच्या खटल्यात न्यायालयाने असे मान्य केले की मूळनिवासी चित्रकारावर आपल्या कुळाचे हित जपण्याचे बंधन असते. परंतु कुळाला कॉपीराइटमध्ये सहमालक मानले नाही. तेव्हा कायद्याने ठेवलेली फट करारानेच भरावी लागते : कुळाचा नावानिशी उल्लेख, उत्पन्नातील वाटा, आणि पुढील वापरासाठी पुन्हा विचारण्याची अट. हे कागद तालमीच्या आधी झालेले बरे. मैफल गाजल्यानंतर कोणीच मोकळेपणाने बोलत नाही.

प्रश्न : आमचे हौशी समूहगायन मंडळ आहे. ध्वनिमुद्रण ऐकून एखादे मूळनिवासी गाणे चार आवाजांत बसवण्याचा विचार आहे. आम्ही ते गावे काय?

उत्तर : ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेऊन बसवू नये, असे मी सुचवीन. मूळनिवासी संगीतकारांनी इतरांनी गावे म्हणूनच लिहिलेल्या रचना आज उपलब्ध आहेत. डेबोरा चीटम फ्रेलॉन यांचा ‘युमेराला’ हा रेक्विएम गुंडिटजमारा लोकांच्या भाषेत आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य भागात झालेल्या संघर्षातील मृतांसाठी तो लिहिला गेला आणि २०१९ मध्ये मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राने तो सादर केला, तेव्हा मूळनिवासी मुलांच्या गायनवृंदाबरोबर ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या समूहगायकांनीही ती भाषा शिकून गायली. अमेरिकेत चिकासॉ संगीतकार जेरॉड टेट यांनीही आपल्या भाषेत समूहगायनासाठी लिहिले आहे. रीतसर स्वरलेखन विकत घ्यावे आणि सोबत गायनाविषयी काही सूचना असतील तर त्या शेवटपर्यंत वाचाव्यात. एखादा भाग विशिष्ट समाजाच्या गायकानेच गावा, असे लिहिले असेल तर तो भाग वगळून कार्यक्रम करता येईल का, हे प्रकाशकाला विचारावे. उच्चारांसाठी भाषा येणाऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी व तिला मानधन द्यावे. आणि एखाद्या जुन्या गाण्यासाठी संबंधित समाजाच्या संस्थेला पत्र लिहिले, पण उत्तर आले नाही, तर ती संमती समजू नये. दुसरे गाणे निवडावे.